लेगिंगचा खाका

विषय जाहीर झाल्यावर काहींनी विचारलं, लेगिंगला कसला आलाय खाका? दोन नळ्या जोडल्या की झालं! तशी शिवून बघा. खाली बसलात की मागची कंबर सरकते आणि पुढे जांघेत चुण्या पडतात.

अंगासरशी विजार आपल्या शिंप्यांना नवी नाही. चुडीदार उरेब कापतात, कारण साधं सुती कापडही तिरक्या दिशेला थोडं ताणतं. पण थोडंच; म्हणून चुडीदार पोटरीवर घट्ट आणि मांडीवर सैल. होजिअरी मुळातच जास्त ताणते, पण गुडघ्यावर फुगली की फुगलेलीच राहते. 1958 मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी स्पॅन्डेक्सचा धागा तयार केला. लायक्रा म्हणून आपण ओळखतो तोच. ताणलेलं कापड जागेवर आणायचं काम तो करतो.

इथे शिवणाचा हिशेब उलटा होतो. एरवी मापात लूज मिळवायचा, इथे माप कमी करायचं. किती, ते कापड सांगेल. घडीवर चार इंचांच्या खुणा करून आडवं ताणा. सहा इंच भरलं तर ताण 50 टक्के. अशा कापडाला साधारण दहा टक्के कपात ठीक. सीट 38 असेल तर सुमारे 34 धरा. बाजूला शिलाई नसते, एक पाय म्हणजे एकच तुकडा, म्हणून प्रत्येकाला 17 इंच. मांडी, गुडघा, पोटरीलाही तीच कपात. घोट्याशी मात्र थांबा: तिथून टाच आत जायची आहे!

उंचीला हा नियम लावू नका. कापड फक्त आडवं ताणत असेल, तर उंची पूर्ण ठेवा. चारी बाजूंनी ताणणाऱ्या कापडातच ती जराशी कमी करता येते.

आता आसन. माझ्या मते अर्धी लेगिंग तिथेच जमते किंवा बिघडते. खुर्चीवर ताठ बसून कंबरेपासून बैठकीपर्यंतचं माप घ्या. मागची कंबर पुढच्यापेक्षा इंच-दीड इंच उंच हवी, आणि आसनाचं मागचं टोक पुढच्याच्या दुपटीच्या आसपास बाहेर. कारण बसताना, वाकताना लांबी मागे लागते. मग टेप पुढच्या कंबरेपासून पायांमधून मागच्या कंबरेपर्यंत फिरवा आणि खाक्यातल्या दोन्ही गोलाईंच्या बेरजेशी ताडून बघा. ही पडताळणी बरेच जण गाळतात, आणि मग दोष इलॅस्टिकला देतात.

शिलाई झिगझॅग किंवा ओव्हरलॉकची, सुई गोल टोकाची. सरळ टीप पहिल्याच बैठकीला तुटेल.

पहिला नमुना स्वस्त कापडाचा शिवा, पण ताण तेवढाच असलेल्या. आणि कापड बदललंत, तर कपात पुन्हा मोजा. जुना खाका तसाच वापरू नका.