सिंहगडावरची काजळी कुणाची?

इअरफोन घालून ट्रॅफिकमध्ये अडकला असाल, तर आजचा विषय अगदी तुमच्या नाकासमोर आहे.

धूर कुणाचा? रिक्षावाला म्हणतो ट्रकचा, ट्रकवाला म्हणतो शेतकऱ्याचा. मायक्रोस्कोपखाली बघून याचं नक्की उत्तर मिळत नाही, काजळी ती काजळीच. पण तिच्यातल्या कार्बनचं वजन मोजता येतं.

कार्बनचे बहुतेक अणू १२ वजनाचे, साधारण १.१ टक्के १३ वजनाचे. दोन्ही स्थिर. झाडं हवेतून हलका कार्बन जास्त उचलतात, पण सगळी सारखीच चोखंदळ नसतात. भात, गहू, लाकूडफाट्याची झाडं जड कार्बन फार टाळतात. शास्त्रज्ञांच्या मोजपट्टीवर त्यांचा आकडा दर हजारी उणे २७ च्या आसपास येतो. ऊस, ज्वारी, मका तेवढं टाळत नाहीत, त्यांचा उणे १२-१३. जळल्यावरही ही खूण बरीचशी टिकते. म्हणजे उसाचं पाचट पेटवलं, की त्याची काजळी वेगळी कळते. गोवरीची गंमत तर अजून वेगळी: म्हैस कडबा खात असेल, तर आकडा ज्वारीकडे झुकतो!

आता खरी अडचण. डिझेलचा आकडाही उणे २७ च्या जवळपासच. चुलीतलं लाकूड आणि ट्रक, इथे जुळे भाऊ. त्यामुळे नुसत्या कार्बन-१३ वर 'वाहनंच दोषी' असं कुणी सांगितलं, तर मी तरी मानणार नाही.

इथे तिसरा भाऊ लागतो, कार्बन-१४. तो स्थिर नाही, ५,७३० वर्षांत निम्मा होतो. कोट्यवधी वर्षं जुन्या तेलात-कोळशात तो उरलेलाच नसतो, ताज्या लाकडात असतो. स्टॉकहोमचे ओर्यान गुस्ताफसन आणि पुण्याच्या आयआयटीएमसह इतर शास्त्रज्ञांनी सिंहगडावर आणि मालदीवमध्ये हिवाळ्यातली हवा गाळून हेच तपासलं. २००९ मध्ये 'सायन्स'मध्ये निकाल आला: काजळीतला निम्मा ते दोन तृतीयांश वाटा लाकूड, शेण, पालापाचोळा अशा जळणाचा. नुसते ट्रक थांबवून भागणार नव्हतं, चुलीपर्यंत जावं लागणार होतं. आणि चुलीचा धूर सगळ्यात आधी जातो तो फुंकणीने जाळ करणाऱ्या बाईच्या छातीत.

उरलेल्या वाट्यात कोळसा किती, तेल किती? त्यासाठी पुन्हा कार्बन-१३ कडेच यावं लागतं. कोळशाचा आकडा सहसा तेलापेक्षा थोडा जड असतो. फरक बारीक आहे, म्हणून उत्तरही 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असंच मिळतं.