कुपनाचा हिशेब
(मंडळाच्या महिला शाखेच्या मेळाव्यात केलेले भाषण)

अध्यक्षबाई, भगिनींनो, आणि मागच्या रांगेत चहाची वाट पाहत बसलेल्या बंधूंनो,

वाणसामानाच्या खर्चावर बोलण्याची आज्ञा मला झाली, ती बहुधा या बाबतीत मी एकदा चांगलीच फसले आहे हे शाखेत ठाऊक असल्यामुळे. तेव्हा आरंभ त्या फजितीनेच करते. दीड हजारांच्या खरेदीवर दीडशे रुपयांची सूट देणारे कुपन हाती आले. माझी यादी होती १,१८० रुपयांची. उरलेले ३२० भरून काढण्यासाठी मी सरबताच्या बाटल्या आणि बिस्किटे घेतली व १,३५० रुपये मोजून विजयी मुद्रेने घरी परतले. यजमानांनी शांतपणे विचारले, "म्हणजे १७० रुपये जास्तच गेले ना?" महिनाअखेर होती, मुलीच्या वसतिगृहाला पाठवायच्या पैशांतून ते गेले होते.

तेव्हापासून यादी आधी, कुपन मागाहून, असा माझा क्रम आहे. यादीतल्याच जिनसेवर सूट मिळत असेल तर ती अवश्य घ्यावी. त्यात संकोच कसला? मात्र भाव मापाने ताडून पाहावा. एक लिटर खाद्यतेल वजनाला सुमारे ९१० ग्रॅम भरते. एका पिशवीवर लिटर आणि दुसरीवर किलो छापले असेल, तर नुसत्या किमतीवरून स्वस्त कोणते ते कळत नाही.

कानपुरातील आपल्या घरांची अडचण थोडी निराळी. मसाल्यांसाठी नयागंज आहे. पण आमसुले कोणते कुपन देणार? येथे मला मुंबई ग्राहक पंचायतीचे स्मरण होते. १९७५ साली स्थापन झालेल्या या संस्थेत शेजारपाजारची कुटुंबे संघ करतात, महिन्याच्या याद्या एकत्र होतात, माल घाऊक खरेदी केला जातो आणि सभासद तो आपसांत वाटून घेतात. माझ्या वहिनींच्या दिवाणखान्यात वाटपाच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसे, आणि गप्पांना तर अंतच नसे!

आपला व्याप तेवढा नाही. तरी गेल्या खेपेस अकरा घरांनी मिळून कोकणातून आमसुले आणि कुळथाचे पीठ मागवले, तेव्हा वाहतुकीचा खर्च अकरा ठिकाणी विभागला गेला. पुढच्या खेपेसाठी कार्यालयात वही ठेवली आहे. नाव आणि वजन स्पष्ट अक्षरात लिहावे. मागच्या वेळी एका अक्षराच्या घोटाळ्याने दोन किलो आमसुले जास्त आली, ती माझ्याकडे पडून आहेत. हवी असतील त्यांनी चहानंतर मला भेटावे.