बाकावरची माणसं



शाळेत बाकावर उभं राहणं ही तासापुरती शिक्षा होती. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत हातात प्रोजेक्ट नसलेल्याला ‘बेंचवर आहे’ म्हणतात. शब्द खेळातल्या राखीव गड्यासाठीचा. पण बेंचवर गेलेली कितीतरी मुलं घरीसुद्धा ते सांगत नाहीत. माणसाला ‘रिसोर्स’ म्हटलं की त्याला कमी करणं सोपं जातं. मी मीटिंगमध्ये नाव घेतो.

‘आपली कंपनी म्हणजे कुटुंब’ हेही मला पटत नाही. घरातून कुणाला नोटीस मिळत नाही, नि घरात ओव्हरटाइमही मागता येत नाही!

त्यापेक्षा वाहन कारखान्यांतलं ‘अंदोन’ बरं. चाकणला नोकरी केलेल्यांना ते ठाऊक असेल. टोयोटाने रुजवलेली पद्धत. अडलं की कामगार दोरी ओढतो, दिवा लागतो, टीम लीडर त्याच्यापाशी येतो. गरज पडली तर लाइनही थांबते. आमच्या टीममध्ये आता ‘दोरी ओढली’ एवढं म्हटलं तरी पुरतं. कुणामुळे अडलं, हे आधी विचारायचं नाही. मागच्या रिलीजच्या आदल्या रात्री सगळ्यांत नव्या मुलीने दोरी ओढली. रिलीज दोन दिवस पुढे गेलं, क्लायंटचे फोन सुरू झाले. ते मी घेतले. दोघं जण तिच्या शेजारी बसून बग शोधत होते.