मजकुराला कोड देण्याचे काम: गुणात्मक संशोधन, सॉफ्टवेअर आणि मराठी शब्दांकने

(अध्यक्षीय भाषण)

गुणात्मक संशोधनात कोडिंग म्हणजे मजकुराच्या एखाद्या तुकड्याला नाव देणे आणि त्या नावाने तो पुन्हा सापडेल अशी सोय करणे. हाताशी मुलाखतीचे शब्दांकन असेल, गटचर्चेची नोंद असेल, क्षेत्रकार्याची वही किंवा ग्रामसभेचे इतिवृत्तही असेल. संशोधक वाचता वाचता एका वाक्यापाशी थांबतो आणि ते कशाबद्दल आहे, हे दोन-तीन शब्दांत लिहून ठेवतो. हे दोन-तीन शब्द म्हणजे कोड. तसे का वाटले, याची लांबलचक नोंद म्हणजे टिपण, ज्याला या क्षेत्रात मेमो म्हणतात. कोडमुळे उतारा सापडतो, मेमोमुळे तो का वेचला हे कळते. संशोधनाचा खरा ऐवज बहुतेक वेळा मेमोत असतो. वेळ कमी पडला की सर्वात आधी गाळले जातात तेही मेमोच.

या पद्धतीला शिस्त आली ती बार्नी ग्लेझर आणि अॅन्सेल्म स्ट्रॉस या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांमुळे. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील रुग्णालयांत मरणासन्न रुग्णांशी डॉक्टर, परिचारिका आणि नातेवाईक कसे वागतात, याचा अभ्यास करताना त्यांनी जी कार्यरीत घडवली, ती १९६७ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. आधी सिद्धांत आणि मग त्याचा पुरावा हा क्रम त्यांनी उलटा केला. मिळालेला प्रत्येक उतारा त्याच कोडखालच्या आधीच्या उताऱ्यांशी ताडून पाहायचा आणि त्या तुलनेतून संकल्पना वर येऊ द्यायची. पुढे दोघांचे मतभेद झाले. स्ट्रॉस यांनी ज्युलिएट कॉर्बिन यांच्यासह १९९० मध्ये कोडिंगच्या पायऱ्या आखून दिल्या. अशा आखणीने सामग्रीवर साचा लादला जातो, असा आक्षेप ग्लेझर यांनी १९९२ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहून घेतला. सॉफ्टवेअरच्या वादात आजही हाच प्रश्न निराळ्या रूपात ऐकू येतो.

त्या काळी हे काम कागद, कात्री आणि फायलींवर चाले. एकच परिच्छेद तीन विषयांचा असेल तर त्याच्या तीन प्रती काढून तीन फायलींत ठेवाव्या लागत, आणि प्रत फायलीत गेली की ती कोणत्या मुलाखतीतली हे समासात लिहायला विसरण्याचा धोका असे. मेलबर्नमधील ला ट्रोब विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ लिन रिचर्ड्स एका नव्या उपनगराच्या वस्तीचा अभ्यास करत होत्या. त्यांच्या नोंदी कार्डांच्या आवाक्यात राहिनात, तेव्हा संगणकशास्त्रज्ञ असलेले त्यांचे पती टॉम रिचर्ड्स यांनी १९८१ च्या सुमारास त्यासाठी प्रोग्रॅम लिहायला घेतला. त्यातून 'नडिस्ट' आणि नंतर 'एनव्हिवो' तयार झाले. जर्मनीत १९८९ मध्ये उडो कुकार्ट्झ यांनी 'मॅक्स' बनवले. मॅक्स वेबर यांच्या नावावरून त्याचे नाव ठेवले गेले आणि त्याचाच वारसा आजचे 'मॅक्सक्यूडीए' चालवते. बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात थॉमस मुर यांच्या कामातून 'अॅटलस.टीआय' निघाले. विनामूल्य साधनांत 'टॅगेट' आणि 'क्वालकोडर' यांची नावे घ्यावी लागतात. परवान्याचा खर्च न परवडणाऱ्या विद्यापीठ विभागांनी आणि एकट्याने काम करणाऱ्या अभ्यासकांनी सुरुवात तिथून करायला हरकत नाही, कारण कोड देणे, मेमो लिहिणे आणि उतारे परत काढणे ही मूळ कामे 'क्वालकोडर'मध्ये नीट होतात.

या सर्व सॉफ्टवेअरच्या पोटात चालणारी क्रिया बरीच साधी आहे. मूळ मजकूर जसाच्या तसा राहतो. कोड दिला की प्रोग्रॅम फक्त एवढेच लिहून ठेवतो, की अमुक दस्तऐवजातल्या अमुक क्रमांकाच्या वर्णापासून तमुक क्रमांकाच्या वर्णापर्यंतचा भाग या कोडखाली येतो. त्यामुळे एका वाक्याला पाच कोड दिले तरी प्रती वाढत नाहीत आणि कोणत्याही उताऱ्यावरून एका क्लिकमध्ये मूळ मुलाखतीत जाता येते. कागदाच्या काळात नेमकी हीच सोय नव्हती. मात्र याच रचनेमुळे एक पथ्यही पाळावे लागते. कोडिंग सुरू झाल्यावर प्रोग्रॅमबाहेर शब्दांकन दुरुस्त करून ते पुन्हा आत आणले, तर मोजलेली स्थाने सरकतात आणि कोड भलत्याच शब्दांवर जाऊन बसतात. शब्दांकन तपासून अंतिम करणे हे कोडिंगच्या आधीचे काम आहे. नंतर आत करायच्या किरकोळ दुरुस्त्याही सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या संपादन-सोयीतूनच कराव्या लागतात.

सॉफ्टवेअर हिशेब ठेवते, निर्णय घेत नाही, हे एका वाक्यावरून दाखवता येईल. समजा, दुष्काळी भागातल्या मुलाखतीत एखादी बाई म्हणते, "सावकाराकडं गेलो नाही, सोनं मोडलं." या वाक्याला 'आर्थिक अडचण' असा कोड देता येतो. तो चुकीचा नाही, पण त्या मुलाखतीतली निम्मी वाक्ये त्याखाली येतील आणि हाती काहीच लागणार नाही. 'कर्ज टाळणे' हा कोड अधिक नेमका आहे, कारण त्यात कृती आहे. 'स्त्रीधनाचा वापर' हा कोड वेगळ्या प्रश्नाकडे नेतो: सोने कोणाचे, मोडायचे कोणी ठरवले, आणि वाक्यातला 'गेलो' हा पुरुषाचा की साऱ्या घराचा? चौथा पर्याय म्हणजे बोलणारीचेच शब्द उचलून 'सोनं मोडणं' असा कोड करणे. याला 'इन व्हिवो' कोड म्हणतात. तो जपल्यामुळे पुढच्या मुलाखतींत 'मोडणं' आणि 'गहाण ठेवणं' यांतला फरक नजरेत भरतो. मोडलेले परत येत नाही, गहाण टाकलेले सोडवता येते, आणि कुटुंबाला आशा होती की नव्हती हे त्या एका क्रियापदावरून कळते. हे चारही कोड सॉफ्टवेअर सारख्याच तत्परतेने साठवील. कोणता ठेवायचा हे संशोधनाच्या प्रश्नावर ठरते, आणि तो का ठेवला याचे उत्तर मेमोत नसेल तर सहा महिन्यांनी खुद्द संशोधकालाही ते सांगता येत नाही.

म्हणून कोडबुक लागते. प्रत्येक कोडची व्याख्या, तो कधी लावायचा, कधी लावायचा नाही, एक नमुना-उतारा आणि बदलांच्या तारखा एवढे तरी त्यात असावे. कोडची संख्या दीडशे-दोनशेवर गेली की सहसा व्याख्या सैल झालेल्या असतात. कोडची झाडासारखी उतरंड करण्याची सोय जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असते आणि तिचा मोहही पडतो. कोडला उपकोड, त्याला आणखी उपकोड, असे करत फाइलव्यवस्था नेटकी होते आणि विश्लेषण मात्र जागच्या जागी राहते. अशा अतिकोडिंगविरुद्ध लिन रिचर्ड्स यांनी स्वतःच इशारा दिला आहे.

मराठी मजकुराबाबत सॉफ्टवेअरच्या मर्यादा अधिक ठळक होतात, आणि या परिषदेसाठी भाषणातला हाच भाग सर्वात महत्त्वाचा. शब्दशोध आणि त्यावर आधारलेले आपोआप कोडिंग ही सोय मुळात इंग्रजीसारख्या, शब्द फारसे न बदलणाऱ्या भाषा समोर ठेवून घडली. मराठीत 'विहीर' असा शोध दिला तर 'विहिरीत', 'विहिरीला', 'विहिरी' यांतले काहीही सापडत नाही, कारण सामान्यरूपात दीर्घ 'ही'चा ऱ्हस्व 'हि' होतो. 'पीक' शोधून 'पिकाला' मिळत नाही, 'ऊस' शोधून 'उसाचा' मिळत नाही. शब्द तोडून 'विह' एवढाच शोध दिला तर विहिरींबरोबर 'विहार'ही येतो. 'उस' दिले की 'उसने' आणि 'उसंत' दोन्ही हजर होतात. पाण्याच्या अभ्यासात 'पाण' या तुकड्याने 'पाणी' आणि 'पाण्यासाठी' मिळतात, पण 'पाणंद'ही मिळते. यावर उपाय आहे, तो कंटाळवाणा असला तरी खात्रीचा: प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाच्या रूपांची यादी आधी करायची, शोध त्या यादीने घ्यायचा आणि आलेला प्रत्येक उतारा डोळ्यांखालून घालूनच कोड पक्का करायचा.

दुसरी अडचण लेखनाच्या साठवणीतली आहे. डोळ्याला एक दिसणारे अक्षर संगणकाच्या लेखी अनेक वर्णचिन्हांचे असते. 'स्त्री' हे अक्षर युनिकोडमध्ये सहा चिन्हांनी बनते. 'शेतकऱ्यांना' या शब्दातला 'ऱ्य' दोन वेगवेगळ्या प्रकारे टंकलेला असू शकतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, शोधात मात्र वेगळे ठरतात. दोन टंकलेखकांनी निरनिराळ्या कीबोर्डवर शब्दांकन केले असेल तर हा गोंधळ ठरलेलाच. युनिकोडपूर्व फाँटांतल्या जुन्या फायलींचे दुखणे आणखी मोठे आहे. त्यांत देवनागरीचे नुसते रूप असते, आत लॅटिन संकेतांक असतात, आणि फाँट बदलताच मजकूर निरर्थक होतो. अशा फायली आधी युनिकोडमध्ये आणून, मूळ प्रतीशी ताडून, मगच प्रकल्पात घ्याव्यात. छापील पानांच्या पीडीएफमध्ये बऱ्याचदा मजकूर नसतोच, नुसते चित्र असते. त्यावर चौकोन आखून कोड देता येतो, शब्दशोध घेता येत नाही.

तिसरा प्रश्न बोलीचा. शब्दांकनात 'पानी' म्हणणाऱ्याचे 'पाणी' करायचे का? प्रमाण रूप लिहिले तर शोध सोपा होतो, पण बोलणाऱ्याचा प्रदेश आणि कित्येकदा त्याची सामाजिक ओळखही पुसली जाते. बोललेले रूप मजकुरात तसेच ठेवून त्याची रूपे कोडबुकात नोंदवणे हा मार्ग बरा. कष्ट संशोधकाला पडावेत, भाषा बोलणाऱ्याची राहावी.

मराठीत मोठ्या प्रमाणावर विषयवार संकेतन झाल्याचे एक ठळक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह ग्रामीण स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह केला. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. प्रत्येक ओवीला अक्षर, रोमन अंक आणि उपक्रमांक यांनी बनलेला विषय-संकेत दिला गेला आणि बर्नार्ड बेल यांच्या मदतीने संगणकीय साठा उभा राहिला. हा संग्रह आता 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'च्या माध्यमातून लोकांपुढे येतो आहे. दोन ओळींच्या ओवीत सीतेचा वनवास, सासरचा जाच आणि गाणारीचे स्वतःचे दुःख एकाच वेळी असते, त्यामुळे कोणत्याही उतरंडीत तिला एकच घर देणे अपुरे पडते. तरीही मुख्य स्थान ठरवावे लागते, आणि हे ठरवणे हाच अर्थनिर्णय असतो. सीतेच्या ओव्या 'रामायण' या विषयाखाली ठेवल्या तर त्या धार्मिक परंपरेचा पुरावा होतात. त्याच ओव्या 'स्त्रीचे भोग' या विषयाखाली ठेवल्या तर वेगळीच साक्ष देतात.

एकाहून अधिक जण कोडिंग करत असतील तर त्यांचे किती जुळते हे मोजण्याची प्रथा आहे. नुसती टक्केवारी फसवी असते. शंभर उताऱ्यांपैकी पाचांवर दोघांनी कोड लावला, पंच्याऐंशींवर दोघांनीही लावला नाही, आणि उरलेल्या दहांपैकी पाच एकाने व पाच दुसऱ्याने कोड केले, असे धरू. एकमत ९० टक्के झाले. पण प्रत्येकाने दहाच उतारे कोड केले असल्याने योगायोगानेही ८२ टक्के एकमत झाले असते. ते वजा करणारा, जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये दिलेला कॅपा निर्देशांक येथे सुमारे ०.४४ येतो. सॉफ्टवेअर हा आकडा क्षणात देते. पण दोघे नेमके कुठे फुटले ते वाचून व्याख्या सुधारण्यातच त्याचा उपयोग आहे. व्हर्जिनिया ब्राऊन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांना तर त्यांच्या आशयसूत्र-विश्लेषणाच्या पद्धतीत असे मोजमापच मान्य नाही. संशोधकाचे वाचन हे तिथे साधन मानले जाते, दोष नव्हे. प्रबंधाच्या परीक्षकांनी पद्धत कोणती हे न पाहता कॅपा मागणे, ही विद्यापीठांतली एक अकारण सवय होऊ पाहते आहे.

२०२३ पासून 'अॅटलस.टीआय' आणि 'मॅक्सक्यूडीए' यांत भाषा-प्रारूपांवर चालणाऱ्या सोयी आल्या आहेत. उताऱ्याचा सारांश किंवा सुचवलेले कोड त्यातून मिळतात. पहिल्या वाचनात नजरेतून सुटलेले काही दाखवून देण्यापुरता त्यांचा उपयोग मान्य करता येईल. मात्र 'सोनं मोडलं' याचा अर्थ दागिना तुटला असा लावला गेला, तर तो पकडायला मूळ वाक्य वाचणारा माणूसच लागतो. त्याहून गंभीर बाब म्हणजे अशा सोयींसाठी मुलाखतीचा मजकूर संगणकाबाहेर, परक्या सर्व्हरवर जातो. मुलाखत देणाऱ्याने संमती दिली तेव्हा त्याला हे सांगितले होते का, हा प्रश्न संशोधन-नीती समित्यांनी आता अर्जातच विचारायला हवा. नाव गाळले म्हणजे ओळख झाकली असे होत नाही. लहान गावात 'माजी महिला सरपंच' एवढ्या शब्दांवरून माणूस कळतो. टोपणनावांची किल्ली प्रकल्पाच्या फाइलबाहेर, वेगळी आणि कुलूपबंद ठेवावी लागते.

शेवटी साठवणीचा प्रश्न. परवाना संपला किंवा कंपनीने आवृत्ती बदलली की जुनी प्रकल्प-फाइल उघडेनाशी होऊ शकते. त्यासाठी अनेक उत्पादकांनी मिळून 'रेफी-क्यूडीए' हे सामाईक मानक ठरवले आहे. त्यातल्या क्यूडीपीएक्स स्वरूपात दस्तऐवज, कोड आणि मेमो एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेता येतात. सगळे बारकावे या प्रवासात टिकतीलच असे नाही, म्हणून काम चालू असतानाच एकदा निर्यात करून पाहावे. त्याजोडीला शब्दांकने साध्या यूटीएफ-८ मजकुरात, कोडबुक छापून आणि ध्वनिमुद्रण संमतीच्या मुदतीपुरते ठेवावे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंधासोबत किमान कोडबुक जमा करण्याचा नियम झाला, तर पुढच्या संशोधकाला तेच उतारे वाचता आले नाहीत तरी ते कोणत्या निकषांवर वाचले गेले एवढे तपासता येईल.