मधल्या मुलखाचे काय?



जेवणाची वेळ अधिवेशनाच्या अध्यक्षाचीही भीड धरत नाही, म्हणून थेट विषयाला हात घालतो.

2019 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण नर वाघ बाहेर पडला. गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याचा माग आपल्याला कळला. तो तेलंगणात गेला, परतला, विदर्भ-मराठवाड्यात महिनोन्‌महिने भटकला आणि अखेर बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात थांबला. लोकांनी त्याला ‘वॉकर’ म्हटले. बातम्यांत दोन अभयारण्यांची नावे ठळक छापली गेली. माझे लक्ष मात्र मधल्या मुलखाकडे जाते. कापूस-तुरीची शेते, ओढ्याकाठची झुडपे, गायराने, पडीक माळ. वाघ राहिला अभयारण्यात, पण तिथवर पोचला तो शेतकऱ्यांच्या शिवारातून.

भूदृश्य परिसरशास्त्र हा याच मधल्या मुलखाचा अभ्यास आहे, असे मी मानतो. हे नाव जर्मन भूगोलतज्ज्ञ कार्ल ट्रोल यांनी 1939 मध्ये दिले, हवाई छायाचित्रे अभ्यासताना. वरून पाहिले की जंगल, शेत, वस्ती, नदी यांची मांडणी एका नजरेत येते. पुढे रिचर्ड फोरमन आणि मिशेल गोद्रों यांनी 1986 च्या ग्रंथात या मांडणीचे तीन घटक पक्के केले: अधिवासाचा तुकडा, तुकड्यांना जोडणारा पट्टा आणि या दोहोंना वेढून असलेला भोवताल.

तुकड्याचे गणित कागदावर करून पाहा. एक किलोमीटर लांब-रुंद, म्हणजे 100 हेक्टरचे चौरस जंगल घ्या. कडेने ऊन, वारा, गुरे, तण आत घुसतात. ही झळ 100 मीटरपर्यंत पोचते असे धरा. आत खरे जंगल उरते 64 हेक्टर. आता त्याच जंगलाचे चार समान चौकोन करून ते एकमेकांपासून दूर ठेवा. झाड एकही तोडलेले नाही, क्षेत्र तेवढेच, पण गाभा उरतो 36 हेक्टर. वनक्षेत्र ‘कायम राहिले’ असे सांगणाऱ्या अहवालांकडे मी संशयाने पाहतो, तो यामुळे.

मग आपल्या छोट्या देवराया निकामी ठरतात का? मुळीच नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात त्यांचा अभ्यास मांडला, तेव्हापासून आपण त्यांच्याकडे जुन्या वनाचे अवशेष म्हणून पाहत आलो. पण कोकणातल्या धनेशाला जुन्या झाडाची ढोली आणि वाटेत फळे हवी असतात. त्याच्या लेखी एकरभराची राई हा मुक्कामाचा टप्पा आहे. गाभा नसलेला तुकडाही जोडणीच्या कामी येतो.

जोडणी मोजायची कोणाच्या पावलाने, हा पुढचा प्रश्न. वॉकरला जिल्हा ओलांडता आला. आंबोलीच्या जांभ्या कातळावर, पावसाळी डबक्यांच्या आधाराने जगणाऱ्या इवल्या भेकाला एक डांबरी रस्ताही भारी पडू शकतो. एकच नकाशा दोघांना लागू पडत नाही. कोणत्या जिवासाठी आणि किती अंतरावर, हे न सांगता ‘भ्रमणमार्ग’ हा शब्द वापरणारे निबंध या अधिवेशनातही आले आहेत. नावे घेत नाही, लेखकांना ठाऊक आहेत.

पोचणे म्हणजे नांदणेही नव्हे. वॉकर ज्ञानगंगेत पोचला, पण तिथे वाघीण नव्हती. रिचर्ड लेव्हिन्स यांनी 1969 मध्ये दाखवले की तुकड्यांत विखुरलेली प्रजाती टिकते, ती एका ठिकाणी नामशेष होऊन दुसरीकडून पुन्हा येत राहिली तर. त्यासाठी ये-जा एकदा नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या चालू राहावी लागते.

अशा ये-जेसाठी पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळ राष्ट्रीय महामार्ग 44 खाली प्राण्यांसाठी 9 मार्ग बांधले, काही 50 मीटर रुंद, तर सर्वांत मोठा 750 मीटरचा. वाघांसह अनेक प्राणी त्यांतून जाताना कॅमेऱ्यांत टिपले गेले. काम चांगले झाले. पण ते चालते, कारण रस्त्याच्या दोन्ही अंगांना जंगल आहे. या मार्गांच्या तोंडाशीच प्लॉटिंग पडले, तर खालून जाणार कोण?

आणि भोवताल तर रोज बदलतो आहे. जेसीबीने बांध कोरले जातात, खोलीकरणात ओढ्याकाठची करंज-जांभळे जातात, माळरानाला सरकारदरबारी ‘पडीक’ म्हटले की तिथे कारखानाही चालतो आणि वृक्षारोपणही. लांडगा आणि माळढोक यांच्या माळावर रोपे लावणे मला जंगल तोडण्याइतकेच गंभीर वाटते. यावर वाद होईल, व्हावा.

आपण मात्र अभयारण्याच्या हद्दीत शिरलो की दुर्बीण काढतो आणि बाहेर पडलो की चहाची टपरी शोधतो. म्हणून एक ठराव सुचवतो. पुढच्या अधिवेशनात प्रत्येक गटाने एका गावाचा नकाशा आणावा. त्यावर बांधांची रुंदी, ओढ्याकाठची झाडे, गायरानाची आजची स्थिती आणि विहिरींचे कठडे नोंदवावेत, तलाठ्याशी आणि मेंढपाळांशी बोलून. वाघाचे छायाचित्र नसले तरी चालेल. निबंधांची छाननी मीच करणार असेन, तर बांध मोजलेला निबंध आधी वाचीन.