मधल्या इयत्तांतील मुले



काही वर्षांपूर्वी शासकीय दौऱ्यावर असताना एका उच्च प्राथमिक शाळेच्या तपासणीचे काम माझ्याकडे आले होते. शाळेत पोषण आहाराची नोंदवही होती, आरोग्यतपासणीची पत्रके होती, भिंतीवर तक्रारपेटीही टांगलेली होती. मी समाधानाने ‘सर्व सोयी उपलब्ध’ असा शेरा लिहिला आणि निघण्यापूर्वी सहज सातवीच्या वर्गात डोकावलो. एक मुलगा फळ्याकडे न पाहता शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेत होता. “साहेब, पोराचे अभ्यासात लक्षच नसते,” गुरुजी म्हणाले. मी त्याला फळ्यावरचा मजकूर वाचावयास सांगितले. ओळी त्याला दिसत होत्या. अक्षरे दिसत नव्हती. त्याची दृष्टी अधू असल्याचे आरोग्यपथकाने आठ महिन्यांपूर्वीच लिहून दिले होते. ती चिठ्ठी कपाटात, इतर कागदांखाली पडली होती.

‘उपलब्ध’ या शब्दाचा अर्थ त्या दिवशी मला नव्याने शोधावा लागला.

सहावी ते आठवी ही वर्षे मोठी नाजूक. चौथीपर्यंत बहुधा एकच शिक्षक मुलाला दिवसभर पाहतो. त्याचे खाणेपिणे, रुसणे, आजारपण त्याच्या ध्यानात येते. पुढे तासागणिक शिक्षक बदलतात. गणिताच्या शिक्षकाला त्याचे गणित दिसते, भाषेच्या शिक्षकाला शुद्धलेखन दिसते. संपूर्ण मूल मात्र कोणालाच दिसत नाही. नेमक्या याच वयात शरीर बदलते, मन हळवे होते, घरची कामे अंगावर पडतात आणि शाळा सोडण्याचा विचार प्रथम डोकावतो.

अशा मुलांसाठी काहीच केलेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत 35 विद्यार्थ्यांमागे निदान एक शिक्षक असावा, असे ठरवून दिले. दुपारचे भोजन 1995 साली प्राथमिक वर्गांपुरते सुरू झाले होते. 2008-09 पासून ते देशभर आठवीपर्यंत पोहोचले. सहावी ते आठवीच्या मुलासाठी त्यात 700 कॅलरी व 20 ग्रॅम प्रथिने यांचे प्रमाण ठरलेले आहे. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार वैद्यकीय पथके शासकीय व अनुदानित शाळांत जाऊन मुलांची तपासणी करतात. आठवीत घेतल्या जाणाऱ्या परीक्षेतून निवडल्या गेलेल्या, अल्प उत्पन्नाच्या घरातील विद्यार्थ्याला नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपयांची शिष्यवृत्ती मिळते. शिक्षणात मागे राहिलेल्या तालुक्यांतील मुलींसाठी 2004 पासून कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये आहेत. संकटातील मुलासाठी 1098 हा विनामूल्य दूरध्वनी अहोरात्र आहे.

पुस्तक दिले म्हणजे शिक्षण दिले असे होत नाही, हे आपल्याकडील थोर माणसांनी फार पूर्वी ओळखले होते. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहांना आश्रय दिला. भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढून निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीला बसविली. तेथे विद्येच्या जोडीला भाकरी होती, निवारा होता आणि मुलाची विचारपूस करणारे माणूस होते.

आजच्या व्यवस्थेत उणीव आहे ती या तिसऱ्या गोष्टीची. प्रत्येक शाळेला प्रशिक्षित समुपदेशक मिळावा, हे इष्टच; पण तो मिळेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. एका वर्गाला शिकविणाऱ्या सर्व शिक्षकांनी महिन्यातून अर्धा तास एकत्र बसावे. वारंवार गैरहजर कोण राहते, डब्याच्या वेळी बाजूला कोण बसते, अलीकडे अबोल कोण झाले आहे, एवढे तीन प्रश्न एकमेकांना विचारावेत. पैसा न लागता होणारे हे काम आहे. मात्र त्यासाठी वेळ राखून ठेवावा लागेल. आणि नोंदवह्या भरण्यातच शिक्षकाचा दिवस संपत असेल, तर तो दोष आम्हा शासकीय माणसांचा आहे, हे मी कबूल केले पाहिजे.

पालकांनाही येथे अधिकार आहे. कायद्यानुसार शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. आपण अशा समितीवर असाल, तर इमारतीच्या रंगरंगोटीबरोबर हेही विचारा: तपासणीत दोष आढळलेल्या मुलांपैकी किती जणांवर पुढे उपचार झाले? शिष्यवृत्तीचा अर्ज कोणाचा राहून गेला?

त्या दिवशी मी आपला शेरा खोडला आणि त्या जागी लिहिले: ‘सोयी आहेत, त्या कोणापर्यंत पोहोचल्या, ते पाहणे बाकी आहे.’ मुलाची चिठ्ठी गुरुजींनी त्याच संध्याकाळी स्वतः त्याच्या घरी नेली. पुढच्या दौऱ्यात मी त्या वर्गात गेलो, तेव्हा त्याच्या डोळ्यांवर चष्मा होता. मी न सांगताच तो उभा राहिला आणि फळ्यावरचे सारे त्याने वाचून दाखविले. शेवटी लिहिलेली तारीखसुद्धा त्याने सोडली नाही.