गाण्याचं परसदार



मी जयपूरला, वैशाली नगरात राहते. जयपूर आणि संगीत हे दोन शब्द एकत्र आले की मराठी माणसाला अल्लादियाँ खाँसाहेब आठवतात. जयपूर संस्थानातल्या उनियाऱ्यात जन्मलेले खाँसाहेब कोल्हापूरला शाहू महाराजांच्या दरबारी आले, आणि जयपूरचं नाव लावणारं घराणं बहरलं ते केसरबाई, मोगूबाई, किशोरीताई यांच्या गळ्यात. त्यामुळे जयपूरची मराठी बाई संगीतावर बोलणार म्हटल्यावर तुम्ही तानपुऱ्याची अपेक्षा केली असेल. आज मी बोलणार आहे जमैकाच्या रेगे आणि डब संगीताबद्दल. आणि गच्चीवरच्या कुंड्यांबद्दल.

आधी एक गोष्ट उरकून टाकते. रेगे आणि बागकाम असं म्हटलं की लोक हसून विचारतात, "कुठलं झाड लावलंय?" ते झाड माझ्या गच्चीत नाही. ते लावणं 1985च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि हे भाषण त्याच्याबद्दल नाही. माझ्याकडे माठ, पुदिना, कढीपत्ता, गवार, मेथी असली साधी मंडळी आहेत.

तरी प्रश्न उरतोच. या दोन आवडींचा एकमेकींशी संबंध काय? माझं उत्तर असं, की दोन्ही परसदारी वाढलेल्या आहेत.

परस हा आपला फार चांगला शब्द. घराच्या पुढच्या बाजूला अंगण, तुळशीवृंदावन, येणारेजाणारे. मागच्या बाजूला परस. तिथं मोरीचं पाणी जायचं, भांडी घासली जायची, आणि त्याच सांडपाण्यावर केळ आणि अळू वाढायचं. पाहुण्याला दाखवायची ती जागा नव्हे. पण रोजच्या जेवणातलं कितीतरी तिथूनच यायचं. परस म्हणजे उरलेली जागा, आणि उरलेलं पाणी.

आता जमैकात जाऊ. अठराव्या शतकात त्या बेटावरची चांगली जमीन उसाखाली होती आणि आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम तिच्यावर राबत होते. त्यांना पोसायला धान्य आयात करणं मळेवाल्यांना महाग पडायचं. म्हणून उसाला निरुपयोगी असलेली डोंगरउतारावरची जमीन गुलामांना तुकड्यातुकड्यानं दिली गेली. मळ्यातलं काम संपल्यावर तिथं पिकवा आणि खा. मालकाचा हिशेब काटकसरीचा होता. पण त्या तुकड्यात सुरण-रताळ्यासारखे कंद, केळी, भाज्या काय लावायच्या, कधी लावायच्या, हे गुलाम स्वतः ठरवत. उरलेलं रविवारच्या बाजारात विकत. ज्या माणसाचं स्वतःचं शरीरही त्याच्या मालकीचं नव्हतं, त्याचा हा एक कोपरा होता. आपण ज्याला छंद म्हणतो, ती तिथं स्वातंत्र्याची पहिली चव होती.

1838 साली गुलामगिरी पूर्ण संपली, तेव्हा हजारो लोक मळे सोडून डोंगरात गेले आणि लहान लहान गावं वसवून शेती करू लागले. स्लायगोव्हिल हे त्यातलं पहिलं मुक्त गाव म्हणून ओळखलं जातं. पुढे 1940 साली त्याच परिसरात लेनर्ड हॉवेल यांनी पिनॅकल नावाची वसाहत उभी केली. रास्ताफारी पंथाच्या आद्य प्रवर्तकांपैकी ते एक. माणसं एकत्र राहत, स्वतःचं अन्न पिकवत. वसाहतीच्या सरकारला ते खुपलं. पोलिसांचे छापे पडत राहिले आणि 1950च्या दशकात ती वसाहत मोडली गेली. याच हॉवेल यांनी आपलं पुस्तक जी. जी. माराघ या टोपणनावानं छापलं होतं. माराघ म्हणजे आपला महाराज.

हा महाराज तिकडे कसा पोचला? 10 मे 1845 रोजी भारतातून करारानं बांधलेल्या मजुरांचं पहिलं जहाज जमैकाला लागलं. 1917पर्यंत सुमारे 36 हजार भारतीय तिथं गेले, बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडचे. त्यांच्याबरोबर शब्द गेले, मसाले गेले, रोटी गेली. जमैकात आजही न्याहारीला आवडीनं खातात ती कॅललू नावाची पालेभाजी. तिथली कॅललू म्हणजे राजगिऱ्याच्या कुळातली भाजी. महाराष्ट्रात तिचे भाऊबंद माठ म्हणून मिळतात, माझ्या भाजीवाल्याकडे चौलाई म्हणून. म्हणजे बॉब मार्लेच्या देशातली न्याहारीची भाजी वैशाली नगरात गच्चीवर उगवते, आणि तिला खास काही करावंही लागत नाही.

रास्ताफारी लोक आपल्या अन्नाला 'आयटल' म्हणतात. शक्यतो आपण पिकवलेलं, ताजं, डबाबंद नसलेलं. बरेच जण मीठही टाळतात. शब्द कसा झाला पाहा. इंग्रजीत 'व्हायटल' म्हणजे जीवनावश्यक. त्याचं पहिलं अक्षर काढून टाकलं. काढून टाकल्यानं नवा शब्द जन्मला. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण डब संगीतही असंच जन्मलं.

1960च्या दशकाच्या शेवटी किंग्स्टन आणि स्पॅनिश टाउनमध्ये मोठे स्पीकर लावून उघड्यावर नाच व्हायचे. त्या स्पीकरच्या संचाला साउंड सिस्टिम म्हणत. रडी रेडवूड नावाचे एक साउंड सिस्टिमवाले होते. पॅरागॉन्स या गायकांच्या 'ऑन द बीच' गाण्याची एक खास प्रत त्यांच्यासाठी कापली जात असताना तंत्रज्ञाकडून गायकांचा आवाज घ्यायचा राहून गेला. रेडवूड यांनी ती प्रत तशीच नेली. आधी नेहमीचं गाणं वाजवलं, मग हे बिनआवाजाचं. आणि सगळा जमाव मोकळ्या जागेत स्वतः गाऊ लागला.

त्यानंतर रेकॉर्डच्या मागच्या बाजूला तेच गाणं आवाज काढून छापायची पद्धत पडली. नाव 'व्हर्जन'. मागची बाजू ही रेकॉर्डची उरलेली जागा. म्हणूनच मी तिला गाण्याचं परसदार म्हणते.

या परसदाराचा खरा माळी म्हणजे किंग टबी. मूळ नाव ऑसबॉर्न रडॉक, जन्म 1941. रेडिओ दुरुस्त करणारा, ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा माणूस. किंग्स्टनच्या वॉटरहाउस वस्तीत आईच्या घरी त्यानं स्टुडिओ थाटला. गायक न्हाणीघरात उभे राहून गात. त्याच्याकडे मोठ्या कंपनीनं टाकून दिलेल्या काळातलं चार ट्रॅकचं मिक्सर होतं. त्यावर तो तयार गाणं उघडायचा आणि त्यातून गोष्टी काढत जायचा. गिटार बंद. आवाज एका शब्दापुरता येऊ द्यायचा, तो प्रतिध्वनीत विरत जाऊ द्यायचा. उरायचे ढोल आणि बेस. ऐकायचं असेल तर ऑगस्टस पाब्लोच्या 1976च्या 'किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन'पासून सुरुवात करा. त्यात मेलोडिका नावाची, तोंडानं फुंकायची छोटी पेटी आहे. आपल्या कानाला ती पटकन जवळची वाटते.

रेगेच्या ठेक्याबद्दलही एक सांगते. 'वन ड्रॉप' नावाच्या ठेक्यात चार मात्रांपैकी पहिली रिकामी असते, आणि ढोलाचा घाव तिसरीवर पडतो. परका वाटतो का? आपल्या रूपक तालात सम खालीवरच येते. रिकाम्या मात्रेवर भार टाकणं आपल्याला माहीत आहे.

आता कुंड्या. शेतकऱ्याचा एक शब्द आहे, विरळणी. माठ दाट उगवला की त्यातली निम्मीअधिक रोपं उपटायची. नव्या माळ्याला हे जिवावर येतं. उगवलेलं का उपटायचं? पण नाही उपटलं, तर एकही रोप धड वाढत नाही. किंग टबी करत होता ती गाण्याची विरळणी. आणि वाढलेल्या माठातलं एक रोप तोडायचं नाही, त्याला तुरा येऊ द्यायचा. मोहरीहूनही बारीक असं बी खाली सांडतं आणि पहिल्या पावसानंतर न पेरलेल्या कुंडीतही माठ दिसायला लागतो. प्रतिध्वनी तो हाच.

झाडांना संगीत कळतं का, हेही मला हमखास विचारतात. 1970च्या दशकात त्यावर पुस्तकं गाजली, पण ते दावे विज्ञानाच्या कसोटीवर टिकले नाहीत. माझ्या पुदिन्याला डबचं काही पडलेलं नाही. संगीत माळ्यासाठी आहे. बहुतेक कुंड्या दुर्लक्षानं कमी आणि अति लक्षानं जास्त मरतात. रोज पाणी, रोज खत, रोज उकराउकर. डब ऐकताना हात मंदावतो आणि 'आता काहीच करू नये' हे जमायला लागतं. आवाज मात्र लहान ठेवायचा. बेस भिंतीतून आणि स्लॅबमधून सहज उतरतो, आणि खालच्या मजल्यावरच्या आंटीजींनी रेगे मागितलेला नाही.

इथवर गंमत होती. आता ज्यासाठी उभी राहिले ते सांगते. पाणी.

जयपूरला वर्षाला साधारण 600 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जुलै ते सप्टेंबर. मे महिन्यात पारा 40च्या वर असतो आणि लू वाहते. या शहराला पूर्वी रामगढ तलाव पाणी द्यायचा. 1982च्या आशियाई खेळांतल्या नौकानयनाच्या शर्यती त्या तलावात झाल्या होत्या. पुढे पाणी आणणारे ओढे अडले आणि तो कोरडा पडला. आता आमचं पाणी टोंक जिल्ह्यातल्या बनास नदीवरच्या बीसलपूर धरणातून, शंभराहून जास्त किलोमीटरवरून येतं. त्याच धरणावर अजमेर आहे, टोंकचे शेतकरी आहेत.

माझ्या गच्चीवरच्या मोजमापानं 12 इंची कुंडी मे महिन्यात दिवसाला सुमारे दोन लिटर पाणी पिते. म्हणजे 60 कुंड्या 120 लिटर. आणि आपल्याकडे शहरात एका माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी मिळावं, असं सरकारी प्रमाण आहे. साठ कुंड्यांची हिरवीगार गच्ची म्हणजे जवळजवळ एका माणसाचं पाणी.

नर्सरी सर्कलवरून जाताना मला हा हिशेब आठवतो. झाडं सुंदर असतात, घ्यावीशी वाटतात. पण ज्या संगीताचा जन्म ओरबाडलेल्या जमिनीच्या उरलेल्या तुकड्यात झाला, ते ऐकत ऐकत टोंकच्या शेतकऱ्याचं पाणी शोभेच्या झाडांना घालणं मला जमत नाही. म्हणून उन्हाळ्यात माझ्याकडे 24 कुंड्या असतात, जास्त नाही. त्यांना भाजी आणि तांदूळ धुतलेलं पाणी मिळतं. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी खारट असतं, म्हणून ते साध्या पाण्यात मिसळून फक्त दणकट झाडांना. मातीवर वाळक्या पानांचा थर, वर हिरवी जाळी, दोन मोठ्या कुंड्यांत पुरलेली मातीची मटकी, ज्यातून पाणी झिरपत राहतं. बाकीच्या कुंड्या पावसापर्यंत रिकाम्या. पाहुणे म्हणतात, "बाग अर्धीच दिसते." मी म्हणते, उन्हाळ्याचं व्हर्जन आहे.

आपल्या आज्यांना हे सांगावं लागलं नसतं. त्यांची परसबाग सांडपाण्यावरच चालायची.

तुम्ही इंदूरला असाल, बडोद्याला, हैदराबादला किंवा पुण्यात. आज घरी गेल्यावर दोन कामं करा. भाजी धुतलेलं पाणी मोरीत ओतायच्या आधी एका बादलीत साठवा आणि दिवसाला किती भरतं ते मोजा. मग तेवढ्यात जगतील इतक्याच कुंड्या ठेवा. आणि संध्याकाळी त्यांना पाणी घालताना एखादं रेगे गाणं लावा, त्याच्या पाठोपाठ त्याचं डब. आवाज गेल्यावर तिथं जी जागा मोकळी होते, तिच्यात थोडं गुणगुणून पाहा.